इंदूबाई कनेक्शन सांगतात

खोपोलीच्या शिळफाट्याला मिसळीच्या हॉटेलवर, पहिल्या मजल्याला, जितेशशेठच्या केबल-नेटचं ऑफिस आहे. तिथला फोन लावला की गेली चौदा वर्षं एकच आवाज येतो. "नमस्कार. इंदू बोलते. मशीनपुढं कोन बसलंय?"

पहिला प्रश्न हाच. नाव काय, गाव काय, तक्रार काय, ते सगळं नंतर. कारण इंदूबाईंचा अनुभव असा, की फोन करतो सासरा आणि मशीनपुढं बसलेली असते सून. मग सासरा निरोप पोचवता पोचवता त्यात पदरचं शहाणपण घालतो आणि सगळा विचका करून ठेवतो. म्हणून जो बसलाय त्याच्याच कानाला फोन द्यायचा. खालापूरच्या एका बड्या वकिलांनाही त्यांनी सांगितलं होतं, "एकतर तुमी खुर्चीत बसा, नायतर फोन पोरीकडं द्या." वकिलांनी मुकाट्यानं फोन पोरीकडे दिला.

इंटरनेटची वायर घरात आली म्हणजे इंटरनेट आलं असं नव्हे. कॉम्प्युटरमध्ये एक कनेक्शन बनवावं लागतं, त्यात गिऱ्हाइकाचं नाव आणि पासवर्ड भरावा लागतो, मग कॉम्प्युटर तिकडे डायल करतो, आणि तिकडून होकार आला की गाडी सुरू होते. हल्ली ही उठाठेव राउटरची डबी करते. पण आमच्या डोंगराच्या कडेला वीज कडाडली की सगळ्यात आधी डबी मरते, आणि नवी येईपर्यंत वायर थेट कॉम्प्युटरला लावून जुनाच मार्ग धरावा लागतो. डबी घ्यायला अजून तयार नसलेली हट्टी गिऱ्हाइकंही आहेतच. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत असं गाव सापडणं कठीण, जिथे इंदूबाईंनी फोनवरून कुणाचं कनेक्शन जोडून दिलेलं नाही.

आणि हे सगळं त्यांनी केलं ते कॉम्प्युटरला एकदाही बोट न लावता. ही थाप नाही. माऊस हातात कसा बसतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि गेल्या महिन्यात त्यांची फोनवरची खुर्ची जायची वेळ आली ती याच कारणानं.

पण आधी त्यांच्या आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही पटायचं नाही.

इंदूबाई मूळच्या कडावच्या बाजूच्या. आई जना ही धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. हळद लागल्यापासून वरात दारात येईपर्यंत प्रत्येक विधीचा एक धवला असतो, आणि तो आपल्या क्रमानंच यावा लागतो. जनाबाईंना सही येत नव्हती, पण अख्खं लग्न त्यांच्या तोंडात होतं. मांडवात धवलारणीचा मान असा, की नवऱ्या मुलाचा मामासुद्धा तिला विचारून पाट हलवायचा. तिचा एक नेम होता. मधेच कुणी बोललं, कुणाला नारळ सापडेना, पोर रडलं, की ती गप्प व्हायची आणि सगळं स्थिर झालं की पहिल्या ओळीपासून पुन्हा धरायची. "मदून उचलला तर धवला मरतो," म्हणायची. लोक कंटाळायचे, पण मुकाट ऐकायचे.

इंदू सातवीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन लोधिवलीला आली. नवरा सहदेव एका कारखान्यात पहारेकरी. मुलं शाळेला लागली तशी ती शिळफाट्याच्या या ऑफिसात झाडलोट आणि चहापाणी करायला लागली. कामाला लागून तीन महिने झाले आणि दसरा आला.

दसऱ्याला घरी विळा, कोयता, सायकल, ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. इथं पोट कशावर चालतं ते इंदूबाईंनी बरोबर हेरलं होतं. आतल्या खोलीत एक काळं कपाट होतं, त्यात हिरवे दिवे लुकलुकायचे आणि त्याच्यापुढे जितेशशेठसुद्धा हळू बोलायचे. सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं, आतल्या यंत्रांना हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचा हार घातला आणि तांब्यातलं पाणी फुलानं शिंपडलं. चांगलं मनापासून शिंपडलं. अर्ध्या तासात खोपोलीपासून चौक गावापर्यंत सगळ्यांचं नेट गेलं.

सुनील हा ऑफिसचा एकुलता एक इंजिनियर. तो खांबावरून उतरून धावत आला. दिवेलागणीपर्यंत ब्रशनं कुंकू झाडत आणि चिमट्यानं एकेक अक्षता काढत बसला. भला माणूस, आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला, "इंदूबाई, आजपास्नं इथल्या कुठल्या मशीनला हात लावायचा नाय."

"बरं," इंदूबाई म्हणाल्या.

सुनील दुसऱ्या दिवशी ते विसरून गेला. इंदूबाई विसरल्या नाहीत. विसरणं त्यांच्या घराण्यातच नाही.

हात बांधले गेले तरी कान मोकळे होते. सुनील दिवसातून दहा वेळा फोनवर कुणाला ना कुणाला कनेक्शन बनवायला सांगायचा. इंदूबाई फरशी पुसत असायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांना कळलं की हा माणूस दर वेळी तेच बोलतो. दुसऱ्या आठवड्यात कळलं की त्यातला क्रम बदलत नाही. मग त्यांच्या आतली धवलारणीची लेक जागी झाली. आधी वायर, मग दिवा, मग कोपऱ्यातला स्टार्टचा चौकोन, मग नेटवर्क, मग नवीन कनेक्शन, मग ब्रॉडबँड, मग नाव, मग पासवर्ड, मग पासवर्डाखालच्या चौकटीत बरोबरची खूण, आणि शेवटी कनेक्ट. भांडी घासताना त्या हे पुटपुटायच्या. सहदेवला वाटलं बायकोनं नवा उपास धरलाय.

पुढच्या जूनमध्ये हायवेवर एका डंपरनं वायर ओढून नेली. झाडून सगळे तिकडे पळाले आणि ऑफिसात इंदूबाई एकट्या राहिल्या. फोन वाजायला लागला. वाजत राहिला. हाताला बंदी होती ती मशीनपुरती. फोन काही मशीन नव्हे, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवलं आणि रिसीव्हर उचलला. पलीकडे कडावचा रोहिदास, दूध डेअरीवाला. मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज पाचच्या आत भरायचा होता, कॉम्प्युटर नवा होता, वायर आली होती आणि नेट लागत नव्हतं.

"सुनील नाय का? मग कोन हाय तिकडं?"

"मी हाय. मशीनपुढं कोन बसलंय?"

"मीच."

"मग मी सांगते तसं करा. वायर टक् वाजेपर्यंत आत सारा."

अर्ध्यात आले आणि रोहिदास म्हणाला, थांबा, म्हैस सुटली. म्हैस बांधून तो परत येईपर्यंत इंदूबाई रिसीव्हर कानाला लावून उभ्या होत्या. तो आल्यावर त्यांनी पुन्हा वायरपासून सुरुवात केली. "ते झालंय की मगाशी," तो म्हणाला. "झालं असंल. पुना बघा," इंदूबाई म्हणाल्या, आणि बघताना खरंच वायर निघालेली सापडली, म्हशीमागे धावताना पाय अडकला होता. साडेचारला कनेक्शन लागलं.

"बाई, तुमी केलंत बगा," रोहिदास म्हणाला.

"मी हितं शिळफाट्याला हाय. हात कुनाचा होता?"

"माझा."

"मग मी केलं म्हना."

"मी केलं," रोहिदास म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काही होतं की इंदूबाईंना ते आवडून गेलं. तेव्हापासून त्यांचा तो रिवाजच झाला. शेवटी विचारायचं, कुणी केलं कनेक्शन? समोरचा म्हणणार, तुमी. मग म्हणायचं, नाय, नीट सांगा. तो "मी केलं" म्हणेपर्यंत इंदूबाई फोन ठेवत नाहीत. म्हातारी माणसं लाजतात, पण म्हणतात.

जितेशशेठ हुशार धंदेवाला. आठवड्यात झाडू दुसरीच्या हातात गेला आणि इंदूबाई फोनवर बसल्या. त्या कॉम्प्युटर चालवत नाहीत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पोहायला शिकवणारा पाण्यात उतरला नसेल असं कुणाला वाटणार?

वर्षं गेली तसे कॉम्प्युटर बदलले. इंदूबाईंना ते गिऱ्हाइकांकडून कळायचं. "ताई, तुमी म्हणता ते इथं नायच." मग काय दिसतं ते त्या विचारून घ्यायच्या आणि धवल्यात नवी ओळ बसवायच्या. आता तर त्या एका प्रश्नात ओळखतात. "खालच्या पट्टीवर चौकोन कुठं हाय? कोपऱ्यात का मदोमद?" कोपऱ्यात म्हणजे जुना, मधोमध म्हणजे नवा; दोघांची गाणी वेगळी. डावं-उजवं सांगून माणसं गोंधळतात, म्हणून त्या सांगतात, उंदरावर पंजा ठेवा, साधं काम पहिल्या बोटाचं, आडवाटेचं काम मधल्या बोटाचं. एबीसीडी येते तेवढ्यावर शब्द ओळखतात. कुठला आकडा आला म्हणजे काय बिघडलं, तेही पाठ. सहाशे एक्कावन्न म्हणजे वायरीत खोट, सहाशे एक्क्याण्णव म्हणजे पासवर्डात. पिंपळोली, चौक, कळंब, कुठून फोन आला आणि तिथली वायर कुठल्या झाडाखालून जाते, हेही त्यांना पाठ आहे.

तर गेल्या महिन्यात जितेशशेठची मुलगी रिया पुण्याहून शिकून आली आणि कारभार बघायला लागली. मुलगी सरळ. तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं, की पहिल्या तारखेपासून फोन कॉम्प्युटरमधूनच येतील, गिऱ्हाइकाची वायर जिवंत आहे की मेली ते पडद्यावर दिसेल, तेव्हा फोनच्या खुर्चीवर बसणाऱ्याला कॉम्प्युटर आलाच पाहिजे. सोमवारी परीक्षा. कोऱ्या कॉम्प्युटरवर सुरुवातीपासून कनेक्शन जोडून दाखवायचं. ज्यांना जमणार नाही त्यांना ऑफिसातलं दुसरं काम.

दुसरं काम म्हणजे काय ते इंदूबाईंना कुणी सांगायला नको होतं. झाडू कोपऱ्यात दिसतच होता.

"इंदूमावशी, तुमची तर काय परीक्षा घ्यायची," रिया हसून म्हणाली. "तुम्ही दिवसाला चार जोडता."

"बरं," इंदूबाई म्हणाल्या.

घरी सहदेवला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं मग खरं काय ते सांगून टाक तिला."

"काय सांगू? चौदा वर्सं दुसऱ्याच्या डोळ्यानं बगितलं म्हनून?"

त्या रविवारी बायको ओट्यावर साबणाची वडी पंजाखाली धरून इकडून तिकडे सरकवतेय हे त्यानं पाहिलं, आणि भाकरीची परात बाजूला घेऊन तिला जागा करून दिली.

सोमवारी सकाळी टेबलावर नवा कॉम्प्युटर मांडला होता. रिया, जितेशशेठ, आता केस पिकलेला सुनील, सगळे हजर. आधी रोहिणी बसली. रोहिणी दोन वर्षांपूर्वी लागलेली, इंदूबाई सुटीवर असल्या की फोन घेणारी, फोनवर बोलायला त्यांनीच तयार केलेली. तिनं पाच मिनिटांत कनेक्शन जोडलं, आणि जोडताना ओठांत पुटपुटत होती ते इंदूबाईंचेच शब्द होते; इंदूबाई पडद्याकडे नव्हे, तिच्या ओठांकडेच बघत होत्या. रियानं ते कनेक्शन पुसून टाकलं, वायर काढून टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून दिली.

इंदूबाई बसल्या. पदर खोचला. हात उचलला आणि तसाच ठेवून सुनीलकडे वळून बघितलं.

"सुनीलभाऊ, हात लावू?"

"म्हंजे?" सुनील म्हणाला.

"तुमी नको म्हनला होतात."

"मी? कवा?"

"दसऱ्याला. कुंकू सांडलं होतं तवा. चौदा वर्सं झाली."

सुनीलच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू सगळं आलं: ते कपाट, त्या अक्षता, तो चिमटा. त्यानं टेबलाची कड धरली. "आणि तुमी तवापास्नं..." रियानं बापाकडे बघितलं, बाप खिडकीकडे बघायला लागला. खोलीतल्या सगळ्यांना त्याच क्षणी कळलं, की जिनं दोन तालुक्यांना कनेक्शन जोडायला शिकवलं तिनं स्वतः एकदाही जोडलेलं नाही.

"लावा हो," सुनील म्हणाला. "लावा हात."

इंदूबाईंनी पंजा ठेवला. साबणाची वडी शहाणी होती, हे जनावर भलतंच. पडद्यावरचा बाण सुसाट पळाला आणि कडेला जाऊन दिसेनासा झाला. शोधून आणला तर बोट नको तिथे पडलं आणि भलतीच खिडकी उघडली. ती बंद करताना दुसरी उघडली.

"मावशी, राहू दे," रिया हळूच म्हणाली. "आपण नंतर शिकू. मी आहे ना."

प्रेमानं म्हणाली, पण मधेच बोलली. इंदूबाईंनी हात काढून घेतला. ओळ तुटली होती. आता मधून उचलायचं नाही. पण पहिल्यापासून तरी धरायचं कसं, जेव्हा कुणी ऐकायलाच नाही? त्यांचे सगळे शब्द कुणाच्या तरी कानात जाण्यासाठी होते. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं, आणि आज घाबरलेलं माणूस त्यांच्याच खुर्चीत बसलं होतं.

टेबलावर त्यांचा जुना फोन होता. वाजला नव्हता. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि खांदा वर करून कानाशी दाबून धरला, रोज धरतात तसा.

"नमस्कार. इंदू बोलते. मशीनपुढं कोन बसलंय?"

रोहिणी खुर्चीजवळ सरकली.

"मीच बसलेय," इंदूबाई म्हणाल्या. "भ्या वाटतंय का? वाटू द्या. त्यातलं काय मोडत नाय. आदी वायर घ्या. मागं खिडकी हाय तिच्यात टक् वाजेपर्यंत सारा."

टक् वाजलं.

"दिवा लुकलुकतो का? लुकलुकतो. आता खालच्या पट्टीवर चौकोन कुठं हाय? मदोमद. बरं. पंजा ढिला सोडा, उंदीर पळून जात नाय. दमानं न्या. साधं काम पयल्या बोटाचं."

बाण थरथरत गेला, पण गेला. आवाज तोच होता, रोजचा, न चढणारा, न घाई करणारा. दातेरी चक्र, मग एन अक्षराचं नेटवर्क, मग डी अक्षराचं डायल-अप आणि त्यापुढचं फोनचं चित्र, मग नवीन कनेक्शन. रोहिणीचे ओठ बरोबरीनं हलत होते. ब्रॉडबँड आलं. रियानं कागदावर लिहून दिलेलं नाव इंदूबाईंनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत भरलं. मग पासवर्ड भरला, त्याचे नुसते काळे ठिपके उमटले. खालच्या चौकटीत बरोबरची खूण केली. "आता कनेक्ट दाबा. दाबलं? थांबा जरा."

सगळे थांबले. पडद्यावर आकडा आला. सहाशे एक्क्याण्णव.

जितेशशेठनी डोळे मिटले. इंदूबाईंच्या चेहऱ्यावर मात्र काहीच बदललं नाही. ही ओळ त्यांच्या धवल्यात होतीच. हजार वेळा म्हटलेली.

"आकडा आला ना? वाईट वाटून घेऊ नका. सहाशे एक्क्याण्णव म्हंजे वायर चांगली हाय, लाइन चांगली हाय, नुसता पासवर्ड चुकलाय. डाव्या अंगाला कॅप्सची कळ असती, तिचा दिवा पेटलाय का बगा."

त्यांनी बघितलं. दिवा पेटलेला होता. पासवर्डातलं 'ए' शोधताना बोट शेजारच्या कळीला लागलं होतं.

"लागतंच बोट. सगळ्यांचं लागतं. ती कळ एकदा दाबा. मागं जा. पासवर्ड पुना भरा, घाई नाय."

पुन्हा भरला. पुन्हा कनेक्ट. पडद्यावर एक छोटी पट्टी सरकत राहिली, आणि मग इंग्रजीत एक शब्द आला. सी अक्षरानं सुरू होणारा, कनेक्टेड. हा शब्द इंदूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. ऐकला होता तो शेकडो घरांतून, हसऱ्या आवाजात, रडक्या आवाजात, कधी मागे पोरं ओरडत असताना. तो असा दिसतो होय, असं त्यांच्या मनात आलं. आईला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण फोन अजून कानाला होता आणि काम संपलं नव्हतं.

"लागलं का?" त्यांनी विचारलं. "लागलं. मग आता सांगा. कुनी केलं कनेक्शन?"

"तुम्ही, मावशी," रिया मागून म्हणाली.

इंदूबाईंनी मागे न बघताच मान हलवली. "असं नाय. जो मशीनपुढं बसलाय त्यानं सांगायचं. नीट सांगा."

त्यांनी पडद्यावरच्या शब्दाकडे आणि मग माऊसवर ठेवलेल्या स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"मी केलं," इंदूबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.